मधला रकाना

चंपाबाईची लेक दीपमाला, दीपमालेची लेक तनुजा आणि तनुजेची लेक विशाखा. या घराची वंशावळ अशी बाईकडून बाईकडे मोजावी लागते, कारण घर उभे राहिले ते बायांच्या हातांनी. चंपाबाई छावणीतल्या बंगल्यांवर धुणी धुवायची. तिला अक्षर येत नव्हते. साबणाच्या वडीवर नखाने रेघा ओढून ती कपडे मोजायची, आणि तिची मोजणी कधी चुकली नाही. दीपमाला शिकून शिक्षिका झाली आणि सोयगावच्या शाळेत एकतीस वर्षे तिने पाढे घोकून घेतले. तनुजा घाटीच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका झाली. आणि विशाखा वाळूजच्या एका कारखान्यात संगणकासमोर बसून साहेब लोकांना हवे ते अहवाल काढून देऊ लागली.

विशाखा सव्वीस वर्षांची होती. आपले काम आपल्याला येते, हे तिला माहीत होते, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये एवढी शिस्त तिला अजून लागायची होती.

तिच्या कामातला मोठा भाग म्हणजे हिशेबी रकाने. डेटाबेसच्या तक्त्यात सगळेच साठवून ठेवायचे नसते. पत्र्याची लांबी आणि रुंदी साठवायची. क्षेत्रफळ साठवायचे नाही, विचारले की त्या दोहोंच्या गुणाकारातून काढायचे. कामगाराची जन्मतारीख साठवायची, वय काढायचे. जे मूळ आहे ते जपून ठेवावे आणि त्यातून निघते ते प्रत्येक वेळी ताजे काढून घ्यावे, असे हे शास्त्र. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिताना विशाखाचा हात त्यात इतका बसला होता की झोपेतून उठवले तरी तिने लिहिली असती.

म्हणूनच तिच्या जुन्या शाळेने तिला बोलावले. मुलींच्या या शाळेला पंच्याहत्तर वर्षे होत होती. पहिल्या पंचवीस वर्षांत मॅट्रिक झालेल्या मुलींची नावे काळ्या दगडावर कोरून प्रवेशद्वाराशी बसवायची, असे संस्थेने ठरवले होते. जुन्या रजिस्टरांवरून शिक्षिकांनी दिवाळीच्या सुटीत सगळ्या नोंदी संगणकावर उतरवल्या. सालापुढे नावाचे तीन रकाने : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. ते सारे विशाखाने डेटाबेसमध्ये घेतले आणि चौथा रकाना क्वेरीतून तयार केला, पूर्ण नावाचा. मुलीचे नाव, मग मोकळी जागा, मग वडिलांचे नाव, मग मोकळी जागा, मग आडनाव. सगळे एकापुढे एक जोडायचे. आपल्याकडे कोणत्याही फॉर्मवर नाव असेच लिहितात. यात विचार करण्यासारखे काही आहे, असे तिला वाटलेच नाही.

पहिली यादी निघाली तेव्हा संस्थेचे चिटणीस आप्पासाहेब यांचा फोन आला.

"विशाखाताई, यादी झकास आहे. पण मधेमधे ओळी कोऱ्या पडल्यात. दगडावर कोरी ओळ दिसली तर लोक म्हणतील, कारागीर चहाला गेला होता काय?"

विशाखाने पाहिले. खरेच काही ओळींत साल होते आणि नावाच्या जागी काही नव्हते. उतरवणाऱ्या बाईंकडून एखादी कळ जास्त दाबली गेली असेल, असा तिने कयास केला. क्वेरीच्या शेवटी तिने एक अट वाढवली : ज्या ओळीत पूर्ण नाव नाही, ती घेऊ नये. यादी नीटस झाली. पाचशे एकाहत्तर नावे. गुरुवारी ती कारागिराकडे जाणार होती.

रविवारी ती छापील यादी घेऊन सिडकोत आजीकडे गेली. आजीचे नाव त्यात होते, आणि ते आजीला आपल्या हाताने दाखवावे, अशी तिची हौस होती.

दीपमालाबाई गच्चीच्या दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. वय बहात्तर, पाठ ताठ, चष्म्यावर भिंग. त्यांनी आपले नाव पाहिले, 'दीपमाला कडुबा हिवराळे', आणि मान हलवली. मग त्यांचे बोट एकोणीसशे सत्तर सालाच्या ओळींवरून खाली सरकू लागले. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी बोट थांबले, पुन्हा वर गेले आणि पुन्हा खाली आले.

"अठरा आहेत," त्या म्हणाल्या.

"हो ना. सत्तरच्या बॅचच्या अठरा जणी."

"आम्ही एकोणीस होतो."

"आजी, हे संगणकानं मोजलंय."

"संगणक आमच्या वर्गात होता का?"

विशाखा हसली. आजी हसली नाही.

"जमिला कुठंय?"

"कोण जमिला?"

"माझ्या बाकावर बसायची. अकरा वर्षं. भूमितीत मला मागं टाकायची, आणि तू म्हणतेस कोण जमिला. उघड ते तुझं यंत्र."

विशाखाने लॅपटॉप उघडला. या वेळी तिने क्वेरीतून न जाता मूळ तक्ताच पाहिला. जमिला तिथे होती. नाव : जमिला. आडनाव : शेख. मधला रकाना रिकामा.

तिने त्या रिकाम्या रकान्यावरून सगळा तक्ता चाळला. अशा एक्केचाळीस जणी निघाल्या. बानू निघाली, सकीना निघाली, अनाथाश्रमातून आलेली एक शेवंता निघाली, आणि नाव-आडनावाखेरीज काहीच न सांगता आलेल्या दोघी सख्ख्या बहिणीही निघाल्या. सहाशे बारा मुलींमधून एक्केचाळीस जणी तिने गाळल्या होत्या. स्वतःच्या हाताने, एका ओळीच्या अटीने.

"काय झालं?" आजीने विचारले.

"डेटाबेसमध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य नसतं आजी. त्याला नल म्हणतात. नल म्हणजे 'माहीत नाही'. आणि माहीत नसलेल्याला काहीही जोडलं, तरी उत्तर येतं, माहीत नाही. मी तीन नावं जोडली. मधलं माहीत नव्हतं, म्हणून जोडून झालेलं सगळंच नाव..."

"म्हणजे बापाचं नाव नसलं की पोरगीच नाही."

"त्याच्या नियमानं तसंच."

"त्याचा नियम त्याच्यापाशी. ओळ गाळा, हे कोणी सांगितलं?"

आप्पासाहेबांचे नाव घेता आले असते. "मीच गाळली," ती म्हणाली.

"हं," आजी म्हणाली. खोटे बोलली असती तर पुढे काय झाले असते, ते त्या एका हुंकारात विशाखाला कळले.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. वडिलांचे नाव असेल तर ते त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेसह घ्यावे. नसेल तर त्या ठिकाणी 'माहीत नाही' न धरता नुसता कोरा मजकूर धरावा. म्हणजे नावही मोडत नाही आणि मधे दुहेरी जागाही पडत नाही. शेवटची अट तिने काढून टाकली. क्वेरी चालवली. सहाशे बारा. एकोणीसशे सत्तरात एकोणीस, आणि सातव्या ओळीवर 'जमिला शेख'.

"झालं," तिने पडदा आजीकडे वळवला.

आजीने भिंगातून पाहिले. "नाही झालं," त्या म्हणाल्या. "तू खड्ड्यावर फळी टाकलीस. बाकीच्या चाळीस जणींना ती चालेल, त्यांचा खड्डा कसा पडला ते मला माहीत नाही. हा एक खड्डा माझ्या आईनं पाडलाय. तो भरायचा राहिलाय."

मग त्यांनी सांगितले. विशाखा ते पहिल्यांदाच ऐकत होती.

जून एकोणीसशे एकोणसाठ. भडकल गेटच्या मागच्या गल्लीत चंपाबाईचे आणि जमिलाची आई कहकशाबी हिचे घर भिंतीला भिंत लागून होते. पीठ, मीठ, रॉकेल, सगळ्याची उसनवार चालायची. त्या उसनवारीला एक रीत होती : ज्या वाटीने न्यायचे त्याच वाटीने आणायचे, आणि सपाट नेले तर शीग लावून आणायचे. दोघी एकाच दिवशी आपापल्या मुलींना घेऊन शाळेत गेल्या. कारकुनाने चंपाबाईला विचारले, मुलीच्या बापाचे नाव? चंपाबाई उभीच राहिली. नवऱ्याचे नाव बाईने तोंडाने घ्यायचे नाही, ही तिच्या जिभेला लागलेली सवय. धम्म घेऊन तीन वर्षे होत आली होती, पण जीभ अजून जुनीच होती. कारकून चिडू लागला. तेव्हा मागून कहकशाबी म्हणाली, "कडुबा लिखो साहब. कडुबा हिवराळे. मैं पहचानती." आणि रकाना भरला.

मग कहकशाबीची पाळी आली. तिच्याही तोंडून नवऱ्याचे नाव निघेना. तिच्या घरातही तीच रीत होती. तिने चंपाबाईकडे पाहिले.

"आणि आईला ते नाव माहीतच नव्हतं," दीपमालाबाई म्हणाल्या. "सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. आई म्हणाली, मिस्त्री. कारकून म्हणाला, धंदा नको, नाव सांगा. मागं रांग होती. त्यानं रकाना तसाच सोडला आणि पुढची बाई बोलावली."

"मग?"

"संध्याकाळी आईनं आबांना, माझ्या वडिलांना, विचारलं. दुसऱ्या दिवशी धुणी सोडून शाळेत गेली, नाव सांगायला. कारकून म्हणाला, शाई वाळली. त्या रात्री आईनं मला ते नाव पाठ करायला लावलं. मला बाराखडी यायच्या आधी ते नाव येत होतं. म्हणायची, त्यांनी आपल्याला एक नाव दिलंय, आपल्याकडं त्यांचं एक नाव निघतं. पीठ असतं तर सकाळीच फेडलं असतं."

"काय नाव?"

"ते तिथंच घेईन."

"मी आत्ता टाकते ना त्या रकान्यात. दोन सेकंदांचं काम."

"तू टाकलंस तर खरं असूनही ते खोटं होईल," आजी म्हणाली. "मूळ रजिस्टरात नाही ते तुझ्या यंत्रात आलं कुठून? तूच म्हणतेस ना, मूळ जपावं. मग मुळात जाऊन भर."

विशाखाने आप्पासाहेबांना फोन लावला. आधी तिने स्वतःची चूक सांगितली : एक्केचाळीस नावे गळाली होती, ती आता घातली आहेत. आप्पासाहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि दगडावर ओळी दाट घ्याव्या लागतील एवढेच म्हणाले. रजिस्टरात नाव चढवायचे आहे, हे ऐकल्यावर मात्र ते अडले.

"ताई, त्याला नियम आहे. त्या वेळची वर्गमैत्रीण प्रत्यक्ष हवी, मुलगी स्वतः हवी, लेखी जबाब हवा. आणि एकीसाठी रजिस्टर उघडलं की बाकीच्या चाळीस येतील."

दीपमालाबाईंनी हात पुढे केला. विशाखाने फोन दिला.

"आप्पासाहेब, मी हिवराळे बाई. चाळीस जणी येऊ देत. रांग लावा. हजेरी मी घेते."

मग आप्पासाहेब म्हणाले, "बुधवारी दुपारी कार्यालय उघडं ठेवतो. गुरुवारी दगड जातोय, बाई. त्यापुढं माझ्या हातात नाही."

सोमवारी कारखान्यातून सुटल्यावर विशाखा आजीला घेऊन शहागंजच्या मागच्या बाजूला गेली. जमिलाबी पहिल्या मजल्यावर राहत होत्या. गुडघे गेलेले, नजर शाबूत. त्यांनी दीपमालाबाईंना आपादमस्तक न्याहाळले.

"आठ महिने हुए आके. मेरेकू लगा, मर गई होगी."

"तुझ्या आधी कशी मरेन? हजेरीत तुझा नंबर आधी."

"ये कौन? तनुजा की?"

"तनुजाची. विशाखा. हिच्यामुळंच आले."

दगडाची हकीकत, यादीची हकीकत विशाखाने स्वतः सांगितली; आपण गाळले, हेही सांगितले. जमिलाबींनी शांतपणे ऐकून घेतले आणि सुपारी कातरत राहिल्या.

"नाम आ गया ना अब? जमिला शेख? बस हो गया."

"बस नाही," दीपमालाबाई म्हणाल्या. "मधलं राहिलं."

"छियासठ साल बिना उसके चल गए. मैट्रिक की सनद पर नहीं था, नौकरी में नहीं था. हर दफ्तर में एक बार पूछे, एक बार मैं बताई, और हर बार बाबू बोला, सनद पर नहीं है. अब पत्थर पर लेके क्या करूँ? नक्को. मेहरबानी नक्को मेरेकू."

विशाखाला वाटले, आजी आता रागावणार. आजी रागावली नाही. तिने पिशवीतून एक पितळी वाटी काढली आणि जमिलाबींपुढे ठेवली. काठाला पोचा पडलेली, तळाशी कल्हई उडालेली.

"मेहरबानी करायला आले नाही. उसनं फेडायला आले."

जमिलाबींचा अडकित्ता थांबला. त्यांनी वाटी हातात घेऊन उलटी केली. तळावर टोकदार वस्तूने ओरखडलेली एक फुली होती. कहकशाबी आपल्या सगळ्या भांड्यांना ती खूण करायची.

"अम्मी की कटोरी. ये कहाँ थी?"

"आमच्याकडं. त्या दिवशी पीठ आणलं होतं हिच्यातून. आईनं पीठ परत केलं, वाटी ठेवून घेतली. म्हणाली, नाव फिटलं की वाटी जाईल."

"चोट्टी थी तेरी माँ," जमिलाबी म्हणाल्या. बराच वेळ त्या वाटीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. "अम्मी ढूँढ ढूँढ के थक गई थी." मग त्यांनी वाटी पुन्हा दीपमालाबाईंकडे सरकवली. "अभी नक्को दे. पहले काम कर. रिक्शा दरवाजे तक बुला, सीढ़ी उतरने में मेरेकू आधा घंटा लगता."

बुधवारी कार्यालयात आप्पासाहेब होते, आणि टेबलामागे लिपिक राजकुमार होता. तिशीतला, नीट केस विंचरलेला, एकोणीसशे एकोणसाठचे रजिस्टर कापडातून सोडवून बसलेला. पान पिवळे पडले होते. वरच्या ओळीत, वळणदार अक्षरात, दीपमाला, पुढे कडुबा, पुढे हिवराळे. खालच्या ओळीत जमिला, आणि मग शाईची एक छोटी रेघ, जिथे कारकुनाने टाक टेकवून उचलला होता.

राजकुमारने जबाबाचा कागद पुढे घेतला. "विद्यार्थिनीचं नाव?"

"जमिला," जमिलाबी म्हणाल्या.

"आडनाव?"

"शेख. वैसे हमारे में शेख आगे रहता बेटा, तुम लोगां पीछे लगाते. लिखो, चलता."

विशाखाने ते मनात टिपले. तीन रकाने ज्या क्रमाने जोडायचे तो क्रमही आपण गृहीतच धरला होता, हे तिच्या तेव्हा लक्षात आले.

"वडिलांचं नाव?"

जमिलाबींना ते अर्थात माहीत होते. आयुष्यभर त्यांनी ते प्रत्येक कचेरीत सांगितले होते. त्यांनी ओठ मिटले, ओढणी सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

राजकुमारने मान वर केली. "आजी, वडिलांचं नाव?"

जमिलाबींनी फक्त शेजारी पाहिले, अगदी तसे, जसे कधी काळी एका बाईने दुसरीकडे पाहिले असेल.

दीपमालाबाई खुर्चीवरून उठल्या. एकतीस वर्षे वर्गासमोर उभे राहिलेला आवाज त्यांनी लावला.

"फारूख," त्या म्हणाल्या. "फारूख लिहा साहेब. फारूख मिस्त्री, भडकल गेटच्या मागं राहायचे. मी ओळखते."

राजकुमारने लिहिले. शाई निळी होती, जुन्या काळ्या शाईशेजारी ती वेगळी दिसत होती. समासात तारीख पडली, दीपमालाबाईंची सही झाली, जमिलाबींची सही झाली, खाली आप्पासाहेबांची झाली. आप्पासाहेबांनी शाईवर हलकेच फुंकर घातली आणि रजिस्टर विशाखाकडे वळवले.

आता तिचा हक्क होता. तिने लॅपटॉप उघडला, मूळ तक्त्यात जमिलाच्या ओळीवर गेली आणि मधल्या रकान्यात पाच-सहा कळा दाबून ते नाव भरले. यादीला तिने हात लावला नाही, क्वेरीतला एक शब्दही बदलला नाही. पूर्ण नाव कुठे साठवलेले नव्हतेच. मूळ भरले की ते आपोआप भरून यायचे. तिने क्वेरी पुन्हा चालवली आणि पडदा दोघींकडे वळवला.

एकोणीसशे सत्तर, ओळ सातवी : 'जमिला फारूख शेख'.

दीपमालाबाईंनी भिंगातून ती ओळ दोनदा वाचली. मग पिशवीतून वाटी काढून टेबलावर ठेवली. वाटी पिठाने भरलेली होती, काठाच्या वर बोटभर शीग, आणि वरून पातळ फडके घट्ट बांधलेले, रिक्षात सांडू नये म्हणून.

जमिलाबींनी गाठ सोडली, शीग पाहिली, फडके पुन्हा बांधले आणि वाटी आपल्या पिशवीत घातली.

"फिट्या," त्या म्हणाल्या. "अब मेरेकू नीचे उतार, और चाय पिला."